गवसणीतली बंदूक आणि शेजारचा प्रवासी

मंडळी, आजचा विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. परवाना असलेली, खेळासाठी वापरायची बंदूक घेऊन एखादा माणूस रेल्वेत किंवा एसटीत बसतो. त्याला बसू द्यायचं का, कोणत्या अटींवर, आणि शेजारच्या प्रवाशानं त्याच्याकडे कसं पाहायचं, एवढाच हा प्रश्न आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आपण अधिकार, विश्वास, संशय असे मोठे शब्द वापरतो. हे तिन्ही शब्द एकाच बाकावर बसलेले बघायचे असतील तर रेल्वेचा डबा ही चांगली जागा आहे. घरातली बंदूक ही मालक आणि सरकार यांच्यातली बाब असते. डब्यात आली की ती तिथल्या सत्तर-ऐंशी अनोळखी माणसांचीही बाब होते.

आपल्याकडे या प्रश्नाला इतिहास आहे. तो आज आपण क्रमानं पाहू.

१८५७ च्या उठावानंतर लगेच शस्त्रांवर बंधनं घालणारे कायदे आले. पण ज्याची छाया पुढे ऐंशी वर्षं राहिली, तो कायदा १८७८ चा. व्हाइसरॉय होते लॉर्ड लिटन. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. म्हणजे लेखणी आणि बंदूक या दोन्ही गोष्टी एका वर्षात परवान्याखाली आल्या. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड पुणे परिसरात झालं. बंड करणाऱ्याला परवान्याची फिकीर नसते, ही गोष्ट तेव्हाही स्पष्ट होती.

या कायद्यात खरी मेख सवलतींची होती. कायद्याखालच्या नियमांनी युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांना परवान्यातून मोकळीक दिली. काही संस्थानिक आणि मानकरी यांनाही ती मिळाली. बाकीच्यांनी अर्ज करायचा, आणि जिल्ह्याच्या साहेबाच्या मर्जीची वाट बघायची. आता हे चित्र रेल्वेवर ठेवून बघा. एकाच गाडीतून शिकारीला निघालेले दोन जण, दोघांकडे सारखीच दुनळी. एकाला कोणी काही विचारणार नाही, दुसऱ्याला कागद दाखवावा लागेल. बंदूक तीच, गाडी तीच, प्रवासही तोच. कायद्याचा प्रश्न बंदुकीबद्दल नव्हताच. ‘तू कोण?’ एवढंच कायदा विचारत होता.

त्याच राणीच्या राज्यात, तिकडे ब्रिटनमध्ये, काय चाललं होतं? १८७० साली तिथं बंदुकीसाठी परवाना आला, त्याची किंमत दहा शिलिंग. आपल्या घरात आणि घराच्या आवारात बंदूक बाळगणाऱ्याला तो लागत नसे, बाहेर घेऊन जाणाऱ्याला लागे. स्वरूपानं तो कर होता. पैसे भरले की काम झालं. मायबाप सरकारची मर्जी सांभाळण्याचा प्रश्न नव्हता. १८६० साली विम्बल्डनच्या मैदानावर राष्ट्रीय रायफल संघटनेच्या पहिल्या स्पर्धेत पहिली गोळी खुद्द व्हिक्टोरिया राणीनं झाडली होती. पुढे १८९० मध्ये या स्पर्धा बिस्ले इथं हलल्या, तेव्हा ब्रुकवुड स्थानकापासून नेमबाजीच्या तळापर्यंत वेगळा लोहमार्ग टाकला गेला. रायफल घेतलेला माणूस आगगाडीतून उतरतो, हे तिथं नित्याचं दृश्य होतं. तिथले कडक निर्बंध पहिल्या महायुद्धानंतरचे, १९२० च्या कायद्यातले. म्हणजे एकाच साम्राज्यात, त्याच दशकात, एका प्रजेला ‘कर भरलास का’ असं विचारत होते आणि दुसऱ्या प्रजेला ‘तू कोण’ असं. हा फरक लक्षात ठेवा, तो आपल्याला पुढे लागणार आहे.

हे शल्य आपल्या राजकारणात खोलवर गेलं. काँग्रेसनं स्थापनेनंतर दोनच वर्षांत, १८८७ च्या मद्रास अधिवेशनात, शस्त्र कायद्यावर ठराव केला. १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत ही एक मागणी होती. अहिंसेच्या पुरस्कर्त्याची ही मागणी पाहून पुष्कळांना कोडं पडतं. पण शस्त्र न वापरणं आणि शस्त्र वापरायला अपात्र ठरवलं जाणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली नीती, दुसरी मानहानी. १९३१ च्या कराची ठरावानं तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत घातला.

आणि स्वातंत्र्यानंतर? संविधानात तो हक्क आला नाही. एकोणिसाव्या अनुच्छेदात शांततेनं आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य आलं. शब्दांकडे नीट बघा: विनाशस्त्र. आपल्या घटनाकारांनी सार्वजनिक जागेची कल्पना केली, ती शस्त्र खाली ठेवलेल्या माणसांची. फाळणीचा रक्तपात डोळ्यांसमोर असताना याहून वेगळं काय सुचणार होतं?

पण नेमबाजी हा खेळ होता, शेतकऱ्याला रानडुकरं होती, आणि दोघांचाही विचार करायला हवा होता. १९५१ मध्ये भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती, दादासाहेब मावळंकर. आजही देशभरचे नेमबाज ‘मावळंकर’ म्हणून जी स्पर्धा खेळतात, ती त्यांच्याच नावाची. सभागृहात शब्दांची शिस्त सांभाळणाऱ्यानं नेमबाजांची धुरा घेतली, हे आम्हाला फार समर्पक वाटतं.

मग १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्याच्या तेराव्या कलमात परवाना द्यावाच, अशा भाषेत काही बाबी सांगितल्या आहेत: संरक्षणासाठी किंवा खेळासाठी नागरिकाला लागणारी, किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला लक्ष्यावरच्या सरावासाठी.२२ बोअरची रायफल. नकार देण्याची कारणंही कायद्यात आहेत. पण बघा, इथं ‘तू कोण’ हा प्रश्न मागे सरला आणि ‘कशासाठी’ हा पुढे आला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हौशी शिकारीचा जमाना संपवला, आणि खेळाच्या बंदुकीचा अर्थ हळूहळू कागदी लक्ष्यावर येऊन स्थिरावला.

एका समाजापुरता जुना प्रश्न अजून शिल्लक आहे. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये कोडवा समाज आणि जम्मा जमीनधारक यांना परवान्यातून सूट आहे. ती ब्रिटिशांच्या काळापासून चालत आली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानंही ती वैध ठरवली. पण या सवलतीतही प्रवास वेगळा मोजला आहे. जिल्ह्याबाहेर जाताना एक रायफल आणि १०० काडतुसं, एक गुळगुळीत नळीची बंदूक आणि ५०० काडतुसं, याहून जास्त नाही. घरातल्या बंदुकीकडे कायदा एका नजरेनं पाहतो, वाटेवरच्या बंदुकीकडे दुसऱ्या.

वाटेवरच्या बंदुकीकडे कायदा कसा पाहतो? इथं न्यायदर्शनाची थोडी मदत घेऊ. नैयायिक म्हणतात, कार्य एका कारणानं होत नाही. कारणांची सगळी सामग्री जुळली की कार्य घडतं. माती आहे, पण चाक नाही, कुंभार नाही, तर घट नाही. प्रवासाचे नियम नेमके ही सामग्री मोडतात. बंदूक रिकामी हवी. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी ती तिच्यासाठी केलेल्या आवरणात हवी. आपल्या भाषेत याला सुंदर शब्द आहे, गवसणी. तंबोऱ्याची असते तशी. विमानात तर बंदूक प्रवाशाजवळ नसतेच, ती सामानाच्या कप्प्यात जाते, काडतुसं वेगळी बांधावी लागतात, आणि त्यांचं वजन एका प्रवाशामागे ५ किलोपर्यंतच चालतं. बंदूक आहे, काडतूस आहे, माणूस आहे, पण तिघं एकत्र येत नाहीत. शिवाय परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं, जिल्हा, राज्य किंवा सारा देश. क्षेत्र जिल्ह्यापुरतं असेल तर गाडीनं जिल्ह्याची हद्द ओलांडली की तो परवाना पुरत नाही, प्रवासासाठी वेगळी परवानगी आधी काढावी लागते. गाडी काही हद्दीवर थांबत नाही, म्हणून हे घरातून निघण्यापूर्वीच पाहायचं.

आता आजच्या व्याख्यानाचा गाभा. १९५९ च्या कायद्याचं विसावं कलम. त्याचा आशय असा: कोणी शस्त्र नेताना आढळला, मग त्याच्याकडे परवाना असो वा नसो, आणि त्याची नेण्याची रीत किंवा परिस्थिती अशी असेल की बेकायदा वापराचा वाजवी संशय यावा, तर त्याला वॉरंटशिवाय अटक करता येते. कोणी करायची? दंडाधिकारी, पोलीस, इतर लोकसेवक, आणि रेल्वे, विमान, जहाज, मोटार किंवा कुठल्याही वाहनावर काम करणारा माणूस. म्हणजे तिकीट तपासनीस, एसटीचा कंडक्टरसुद्धा! छत्तिसावं कलम पुढे सांगतं की बेकायदा शस्त्र असल्याचा संशय येईल अशी पेटी किंवा गाठोडं दिसलं तर या मंडळींनी पोलीस ठाण्याला कळवलंच पाहिजे.

हे कलम काही १९५९ मध्ये नव्यानं सुचलं नाही. १८७८ च्या कायद्याच्या बाराव्या कलमात जवळजवळ हेच शब्द आहेत, फक्त तिथं पकडण्याचा अधिकार ‘कोणाही माणसाला’ होता. स्वतंत्र भारतानं शब्द ठेवले, हात मोजके केले. पण आमच्या मते खरा बदल दुसरीकडे आहे. ‘परवाना असो वा नसो’ हे शब्द १८७८ साली होते तेव्हा आजूबाजूला सवलतींची भिंत होती, संशय आधीच माणसांवर वाटला गेला होता. आज ती भिंत नाही. त्यामुळे कलमातल्या ‘रीत’ आणि ‘परिस्थिती’ या दोन शब्दांवर सगळा भार येतो. संशय चेहऱ्यावरून, आडनावावरून, पेहरावावरून घ्यायचा नाही, तो नेण्याच्या रीतीवरून घ्यायचा. कलम असं वाचलं तरच ते लिटनच्या काळातून बाहेर येतं.

आणि इथं धोकाही आहे, मंडळी. कंडक्टरनं निर्णय कधी घ्यायचा? दोन थांब्यांच्या मध्ये, गर्दीत, पाच मिनिटांत. त्याच्यापुढे लांब पेटी घेतलेली एखादी मुलगी असते, किंवा गावाकडचा एखादा मुलगा. ‘तू कोण’ हा जुना प्रश्न कायद्यातून गेला, पण मनातून? एकाच्या पेटीकडे आपण खेळाडूची पेटी म्हणून पाहतो आणि दुसऱ्याच्या पेटीकडे वेगळ्या नजरेनं. हे होत असेल तर १८७८ चा कायदा पुस्तकातून रद्द झाला, डब्यातून नाही.

याची दुसरी बाजू बंदूकधाऱ्याची. परवाना खिशात आहे म्हणून त्यानं ताठ बसायचं कारण नाही, कायदाच सांगतो की परवाना पुरेसा नाही. शेजारचा प्रवासी परवाना वाचू शकत नाही, तो फक्त रीत वाचतो. बंद पेटी, रिकामी नळी, वेगळी काडतुसं, कागद हाताशी, विचारल्यावर शांत उत्तर. शेजाऱ्याला आपल्या भलेपणावर विश्वास ठेवायला न लावता निर्धास्त बसू देणं, हे त्याचं कर्तव्य.

कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात कांस्यपदक मिळवलं. ती रायफल .२२ बोअरची, म्हणजे तेराव्या कलमात आहे त्याच बोअरची. आणि तेव्हा त्यांची नोकरी होती मध्य रेल्वेत, तिकीट तपासनीस म्हणून. विसाव्या कलमानं ज्याला संशय घेण्याचा अधिकार दिला आणि ज्याच्यावर तो घेतला जाऊ शकतो, ती दोन्ही माणसं इथं एकच होती. कायदा वाचताना आपण नेहमी एका बाजूला उभे राहतो, तपासणाऱ्याच्या किंवा तपासल्या जाणाऱ्याच्या. दोन्ही जागी स्वतःला ठेवून जो नियम मान्य होईल, तो न्याय्य, असं तत्त्वज्ञ सांगत आले आहेत. विसावं कलम आम्हाला त्या कसोटीवर मान्य आहे, मात्र त्यातला ‘वाजवी’ हा शब्द गाळून कोणी ते वापरत नसेल तर. आता तुमचे प्रश्न घेऊ.