सरकारी नोकरीचे दार : काल आणि आज



"सरकारी नोकरी आपल्यासाठी नाही," हे वाक्य आपल्या मोहल्ल्यांत वारंवार कानी पडते. चंदनसारचा मुलगा बारावी होतो, वालीव-सातिवलीच्या कारखान्यात लागतो किंवा लोकल धरून मुंबईच्या एखाद्या दुकानात उभा राहतो, आणि विषय तेथेच मिटतो. हा समज कितपत खरा आहे, हे इतिहासालाच विचारू या.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळी वरच्या जागा संचालकांच्या मर्जीने भरल्या जात. 1853 च्या सनदी कायद्याने ती मर्जी मोडली आणि 1855 साली लंडनला पहिली खुली परीक्षा झाली. नव्या काळात नव्या शिक्षणावाचून तरणोपाय नाही, हे ओळखून बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1874 साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. तय्यबजी स्वतः 1895 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

स्वातंत्र्यानंतर 1959 च्या कायद्याने रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळविणे सक्तीचे झाले. कनिष्ठ जागांसाठी बहुधा तेथूनच नावे मागविली जात. वसई तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. नाव नोंदवावे, कार्ड जपावे, मुदतीत नूतनीकरण करावे आणि बोलावण्याची वाट पाहावी, असा तो क्रम होता. खाजगी नोकरीत अडकलेल्याचे कार्ड पेटीतच जुने होई. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटले, की कार्यालयाकडून नावे मागवाच, पण वर्तमानपत्रांतून जाहिरातही द्या आणि थेट अर्ज करणाऱ्यांचाही विचार करा. कारखान्यातल्या तरुणासाठी दार उघडले ते येथे. पुढे 1 जानेवारी 2016 पासून केंद्राच्या कनिष्ठ पदांच्या मुलाखतीही बंद झाल्या. ओळख आणि वशिला यांना वाव राहण्याची एक मोठी जागा त्यामुळे गेली.

मग आपण मागे का? सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालात उत्तराचा एक धागा सापडतो. लोकसंख्येत मुसलमान 13.4 टक्के, परंतु 2003 व 2004 च्या नागरी सेवा परीक्षेला बसलेल्यांत ते 4.9 टक्केच होते. उत्तीर्ण होण्याचे त्यांचे प्रमाण मात्र इतरांइतकेच होते. ती परीक्षा वरच्या पदांची खरी, पण बोध सर्वांनाच लागू आहे. अन्याय कोठेच नाही, असे मी म्हणत नाही. परंतु जो परीक्षेला बसतच नाही, त्याला कोण निवडणार?

वाट सोपी नाही. 2023 च्या तलाठी भरतीत सुमारे साडेचार हजार जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणून हातची नोकरी सोडून परीक्षेच्या भरवशावर बसू नका. पगार चालू ठेवून रोज दोन तास अभ्यास करा. वयाचेही भान ठेवा. केंद्राच्या बहुतेक कनिष्ठ पदांना खुल्या वर्गात 25 ते 27 ही मर्यादा असते. राज्यात 2016 पासून ती सर्वसाधारणपणे खुल्यासाठी 38 आणि मागासवर्गीयांसाठी 43 आहे. म्हणजे तिशीतल्या कामगाराला राज्याचे दार अजून उघडे आहे.

पालकांनो, दोन कामे तुमची आहेत. बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा आपल्यातील अनेक जमाती इतर मागासवर्गात येतात. जातीच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला किंवा जुना सातबारा आजच शोधा. जाहिरात निघाल्यावर धावपळ व्यर्थ ठरते. दुसरे काम मराठीचे. तलाठी परीक्षेच्या 200 गुणांपैकी 50 मराठीचे होते. उर्दू ही घरची शान आहे, ती राहीलच. पण मराठी कच्ची राहिली, तर चतुर्थांश गुण अगोदरच धोक्यात येतात.

दार उघडायला दीडशे वर्षे लागली. आता अर्ज भरायचे काम आपले आहे.