रत्नागिरी : येणारांची आणि जाणारांची

पाहुण्याला मोह पाडणारी भूमि घरच्या माणसाला पोटभर अन्न देतेच असें नाहीं. आयर्लंडच्या हिरव्या कुरणांची कीर्ति जगभर आहे. पण १८४५ पासून तेथें बटाट्याचें पीक कुजलें, तेव्हां सुमारें दहा लक्ष लोक मेले आणि तितकेच परदेशीं गेले. आमच्या रत्नागिरीनें एवढा अनर्थ पाहिला नाहीं. परंतु श्रोतेहो, दुखणें त्याच जातीचें आहे.

ब्रह्मदेशच्या थिबा राजास इंग्रजांनीं १८८६ सालीं येथें आणून ठेविलें. १९१६ सालीं तो येथेंच वारला. त्याच्या राजवाड्याजवळून दिसणारा समुद्र पाहण्यास आज प्रवासी हौसेनें येतात. राजाला तोच समुद्र कैदेची भिंत होता.

रहिवाशाची अडचण निराळी. पाऊस शंभर इंचांहून अधिक; पण जांभ्याच्या कातळावर माती थोडी, आणि पाणी उतारानें समुद्रास मिळतें. वैशाखांत विहिरींचा तळ दिसूं लागतो. म्हणून घरचे गडी मुंबईच्या गिरण्यांत गेले आणि शेती बायकांनीं मनिऑर्डरीच्या आधारावर सांभाळली. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण झाली, तरी ओघ थांबला नाहीं : २००१ ते २०११ या दशकांत जिल्ह्याची लोकसंख्या ऐंशी हजारांहून अधिक घटली, व २०११ सालीं हजार पुरुषांमागें ११२२ स्त्रिया होत्या.

आंबा, समुद्र आणि देवळें पाहून प्रवाशानें आनंद अवश्य मानावा. आम्ही मात्र गांवाची बरकत बंद घरांच्या कुलपांवरून मोजावी, आणि विहिरींतलें पाणी ज्येष्ठापर्यंत कसें टिकेल तें आधीं पाहावें.