पृथ्वीचे मीठ : एका अडवलेल्या चित्रपटाची हकिकत

चित्रपट पडतो कसा हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या आठवड्यात गर्दी होत नाही, दुसऱ्या आठवड्यात थिएटरवाला फलक उतरवतो आणि निर्माता कर्ज फेडीत बसतो. पडलेल्या चित्रपटांत चांगलेही पुष्कळ असतात. त्यांची कड घेणारे रसिक गावोगाव भेटतात आणि ‘लोकांना कळला नाही हो’ म्हणून हळहळतात. परंतु चित्रपटांचा आणखी एक वर्ग आहे. तो पडलेला नसतो, अडवलेला असतो. त्याला लोकांपुढे उभेच राहू दिले जात नाही. मग कळणे न कळणे दूरच राहिले. आज आम्ही ज्याविषयी बोलणार आहोत तो ‘सॉल्ट ऑफ द अर्थ’ हा चित्रपट या दुसऱ्या वर्गातला. येशू ख्रिस्ताने आपल्या साध्या अनुयायांना पृथ्वीचे मीठ म्हटले, तेथून हे नाव आले. चित्रपट अमेरिकेत तयार झाला, मार्च १९५४ मध्ये न्यूयॉर्कला लागला आणि त्या अफाट देशात पहिल्या खेपेस जेमतेम डझनभर थिएटरांत दिसला.

हकिकत एका खाणीपासून सुरू होते. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात ‘एम्पायर झिंक’ या कंपनीची जस्ताची खाण होती. खाणीत उतरणारे बहुतेक मेक्सिकन वंशाचे. तो मुलूख १८४८ साली लढाईनंतर मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला. म्हणजे हे लोक सरहद्द ओलांडून आले म्हणण्यापेक्षा सरहद्दच त्यांच्यावरून ओलांडून गेली म्हणावे. गोऱ्या कामगाराच्या घरात गरम पाण्याचा नळ होता, यांच्या घरांत नव्हता. बायकांनी लाकडे फोडावी, पाणी तापवावे, मग धुणे करावे. ऑक्टोबर १९५० मध्ये संप झाला. आठ महिने तो नेटाने चालला. जून १९५१ मध्ये कोर्टाचा मनाई हुकूम आला : संपवाल्या खाणकामगारांनी खाणीच्या वाटेवर पिकेटिंग करू नये. हुकूम मोडावा तर तुरुंग, पाळावा तर बदली माणसे आत शिरतात आणि संप बुडतो. ज्याने कधी संप चालवला आहे त्याला ही कोंडी निराळी समजावून सांगायला नको.

तोड काढली ती बायकांनी. हुकूम खाणकामगारांवर आहे. आम्ही कुठे खाणकामगार आहोत? तेव्हा पिकेटिंग आम्ही करतो. पुरुषांना हे पसंत नव्हते. सभेत तासन् तास वाद झाला आणि शेवटी मतदानाने बायकांचे म्हणणे मंजूर झाले. दुसऱ्या दिवसापासून त्या वाटेवर उभ्या राहिल्या. त्यांच्यावर अश्रुधूर सोडला, मोटारी घातल्या, कडेवरच्या मुलांसकट त्यांना तुरुंगात नेले. त्या सुटून परत वाटेवर आल्या. जानेवारी १९५२ मध्ये संप मिटला तोपर्यंत वाट त्यांनी सोडली नाही. इकडे पुरुष घरी राहिले आणि चूल, धुणे, पोरे हा सगळा कारभार त्यांच्या अंगावर पडला.

यावर चित्रपट काढायचे मनात आले ते तीन बेकार माणसांच्या. बेकार अशासाठी की कम्युनिस्ट असल्याच्या आरोपावरून हॉलिवूडने त्यांना काळ्या यादीत घातले होते. दिग्दर्शक हर्बर्ट बिबरमन हा अमेरिकन लोकसभेच्या चौकशी समितीला जबाब द्यायचे नाकारून तुरुंगवास भोगून आलेला. लेखक मायकेल विल्सन. याला १९५२ साली पटकथेचे ऑस्कर मिळाले, तरी काम मिळेना. निर्माता पॉल जॅरिको संपाच्या जागी स्वतः जाऊन आलेला. खाणकामगारांची युनियन त्यांच्या पाठीशी उभी राहिली. तीही वाळीत पडलेलीच होती. १९५० साली मोठ्या कामगार महासंघाने तिला बाहेर काढले होते.

विल्सनने कथा लिहिली आणि ती संपातल्या कुटुंबांना वाचून दाखवली. लोकांनी ऐकली आणि दोन ठिकाणी हरकत घेतली. एका प्रसंगात नायकाचे परक्या बाईशी सूत जुळते, दुसऱ्यात तो शेवटच्या पगाराची दारू आणतो. असे आम्ही पडद्यावर दिसायचे नाही, असे कुटुंबांनी ठणकावले आणि ते प्रसंग निघाले. यावर कोणी म्हणेल, ही कसली कला, जी लोकांना विचारून लिहिली जाते! आम्हांस तसे वाटत नाही. त्याच लोकांनी नायक बायकोवर हात उगारतो हा प्रसंग ठेवू दिला. तो खरा होता म्हणूनच ना?

आता चित्रपटाकडे येऊ. कथा सांगते ती एस्पेरान्झा ही खाणकामगाराची बायको. नावाचा अर्थ आशा. पहिल्याच दृश्यात ती लाकडे फोडते आणि धुण्याचे पाणी तापवते. पोटात तिसरे मूल आहे. घरात हप्त्यावर घेतलेला रेडिओ आहे. हप्ते थकले तर तो उचलून नेतील ही तिला धास्ती. नवरा रामोन युनियनचा धडाडीचा कार्यकर्ता. खाणीत सुरुंग लावताना गोरे कामगार जोडीने जातात, मेक्सिकन माणसाला एकट्याला पाठवतात, याविरुद्ध तो भांडतो. आणि हाच रामोन घरी आल्यावर, गरम पाण्याची मागणी संपाच्या यादीत घाला म्हणणाऱ्या बायकोला उडवून लावतो : आधी सुरक्षितता, मग तुमचे नळ. मालक त्याला जे म्हणतो तेच तो बायकोला म्हणतो. चित्रपटाचे सगळे मर्म आम्हांला येथे दिसले.

रामोनचे काम करणारा हुआन चाकोन नट नव्हता, त्याच युनियन शाखेचा अध्यक्ष होता. बहुतेक सगळी माणसे संपातलीच. ती बोलतात तेव्हा शब्द काही वेळा सपाट पडतात, उभे राहताना अवघडतात. धंदेवाईक अभिनयाला सरावलेल्या डोळ्यांना पहिली दहा-पंधरा मिनिटे हे खटकेल. धीर धरावा. सभेचा प्रसंग आला की हीच माणसे अशी काही वागतात की कसलेल्या नटाला साधणार नाही, कारण त्या सभेत ती खरोखर बसलेली होती.

दोन जागा मुद्दाम सांगतो. पहिली अशी की युनियनचा गोरा संघटक रामोनच्या घरी येतो आणि भिंतीवरची तसबीर कोणाची हे त्याला ओळखता येत नाही. ती असते बेनितो हुआरेझची, मेक्सिकोच्या थोर अध्यक्षाची. ज्यांचे पुढारपण करतो त्यांचा देवमाणूस ठाऊक नाही! रामोन त्याला टोमणा मारतो. संघटकाचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाने ही दोन मिनिटे पाहावी. पुढे घरातले सामान जप्तीवाल्यासारखे बाहेर फेकले जाते तेव्हा ती तसबीर पुन्हा दिसते, आणि या वेळी ती कोणाची हे आपल्याला ठाऊक असते.

दुसरी जागा बाळंतपणाची. पिकेटिंग चालू असता एस्पेरान्झाला कळा सुरू होतात. कंपनीचा डॉक्टर यायला नकार देतो. त्याच वेळी शेरीफची माणसे रामोनला मोटारीत घालून मारीत असतात. एकदा तिचा चेहरा, एकदा त्याचा. दोघे एकमेकांना नावाने हाका मारतात, पण ऐकू कोणालाच जात नाही. चित्रांच्या नुसत्या जोडणीने हे साधले आहे.

दोषही आहेत. मालकाची माणसे पुठ्ठ्याची कापलेली वाटतात. पॉलिन केल या नामांकित समीक्षिकेने १९५४ सालीच याला कम्युनिस्टांचा प्रचारपट ठरवून झोडपले. तिचा मालकांविषयीचा आक्षेप आम्ही मान्य करतो, निवाडा करत नाही. प्रचारपटात आपला नायक स्वतःच्या स्वयंपाकघरात हरलेला कोण दाखवतो?

चित्रीकरण १९५३ च्या आरंभी झाले आणि अडवणूक तेव्हाच सुरू झाली. डोनाल्ड जॅक्सन या लोकप्रतिनिधीने सभागृहात चित्रपटावर हल्ला चढवला. हॉवर्ड ह्यूज या धनाढ्य स्टुडिओमालकाने त्याला पत्र लिहून युक्ती सांगितली : फिल्म धुणारे, आवाज मिळवणारे, प्रती काढणारे यांनी कामे नाकारली की चित्रपट आपोआप मरेल. एस्पेरान्झाचे काम करणारी रोसाउरा रेव्हुएल्तास मेक्सिकोची नामवंत नटी. तिला काम पुरे व्हायच्या आत अटक झाली आणि देशाबाहेर जावे लागले. उरलेली काही दृश्ये दुसरी बाई उभी करून, काही मेक्सिकोत गुपचूप उरकली. पुढे बर्लिनला ब्रेख्तच्या नाटकमंडळीत तिने काम केले. पडद्यावर मात्र तिला फारशी संधी मिळाली नाही.

मालकांनी हे केले याचे आम्हांला नवल नाही. सलते ते निराळेच. हॉलिवूडच्या तंत्रज्ञांची युनियन होती, तिचा पुढारी रॉय ब्रुअर. त्याने या चित्रपटाला एकही युनियनवाला कामगार मिळू दिला नाही. आणि चित्रपट कसाबसा तयार झाल्यावर गावोगावच्या थिएटरांत यंत्र चालवणाऱ्या ऑपरेटरांनी, त्यांच्या युनियनच्या आदेशावरून, रिळे चढवायला नकार दिला. अशाने ठरलेले खेळ रद्द झाले. कामगारांनी काढलेला कामगारांचा चित्रपट शेवटच्या टप्प्यावर कामगाराच्याच हाताने थांबला. ज्यांनी अडवले त्यांच्यावर निर्मात्यांनी मक्तेदारीविरोधी कायद्याखाली फिर्याद केली. ती अनेक वर्षे चालून १९६४ साली ते हरले.

आपल्याकडेही असे घडले आहे. १९३४ साली मोहन भवनानींनी प्रेमचंदांच्या कथेवरून गिरणी कामगारांवर चित्रपट काढला. ‘मिल’ किंवा ‘मजदूर’ म्हणून तो ओळखला जातो. त्याच साली मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला होता. मुंबईच्या सेन्सॉरने त्यावर बंदी घातली. आज त्याची प्रत उपलब्ध नाही. त्याची कड घ्यायची म्हटली तरी घेणार कशाची?

‘सॉल्ट ऑफ द अर्थ’चे नशीब त्या मानाने बरे. परदेशांत त्याला मान मिळाला. चेकोस्लोव्हाकियातील कार्लोव्ही व्हारीच्या महोत्सवात १९५४ सालीच बक्षीस मिळाले. मायदेशी पुढे युनियनच्या कचेऱ्या, कॉलेजे आणि बायकांच्या संघटना यांतून तो फिरू लागला, आणि १९९२ साली जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या अमेरिकेच्या राष्ट्रीय यादीत दाखल झाला. आज तो पाहण्याला कोणाची आडकाठी नाही. दीड तासाचा आहे, इंग्रजी सोपी आहे, मधूनमधून स्पॅनिश येते. चार वाक्ये आधी समजावून सांगितली की कोणालाही कळतो. आपल्या गावात कोणी खेळ लावणार असेल तर यंत्राची खटपट आमच्याकडे लागली. एकच अट आहे. युनियनच्या सभांप्रमाणे रात्री आठची वेळ ठेवू नये. त्या वेळी घरोघर पोळ्या चालू असतात. दुपारी तीनची ठेवावी, आणि पोरांना सांभाळायला दोन पुरुष दाराशी बसवावे.