क्षेत्रफळ, भारतीय राज्यांचे

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ विभक्त होईपर्यंत विस्ताराने देशात अग्रस्थानी असलेल्या मध्य प्रदेशाकडून तो मान ३,४२,२३९ चौ. किमी. क्षेत्रफळाच्या राजस्थानकडे गेला, आणि उरलेला मध्य प्रदेश (सु. ३,०८,२५०) व महाराष्ट्र (सु. ३,०७,७१०) यांच्यातील तफावत आज मुंबईच्या दोन जिल्ह्यांच्या एकत्रित क्षेत्राहूनही कमी भरते. ‘राज्य’ या दर्जावरून आकारमानाचा अदमास बांधणे मात्र फसवे होय : ३,७०२ चौ. किमी.चा गोवा शेजारच्या सिंधुदुर्गाहूनही लहान असून एकट्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात तो चार वेळा सामावून वर जागा उरेल. उलटपक्षी गुजरातचा कच्छ जिल्हा, ज्याचा बराचसा मुलूख पावसाळ्यात पाण्याखाली जाऊन केवळ दप्तरापुरताच जमीन राहतो, संपूर्ण केरळ राज्यास मागे टाकतो.