तापीकाठची गळाची मासेमारी : साधने, आमिष आणि पद्धती

जळगाव शहरापासून जवळच असलेले असोदा हे गाव बहिणाबाई चौधरी यांचे माहेर आणि भरिताच्या वांग्यांचे गाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. गावाच्या उत्तरेस काही किलोमीटरवर तापी वाहते. मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावून सुरतजवळ समुद्राला मिळणारी ही ७२४ किलोमीटर लांबीची नदी खानदेशच्या शेतीची जीवनवाहिनी आहेच; पण तिच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या गळ टाकून बसणाऱ्यांची एक वेगळी परंपराही आहे. भोई आणि कोळी समाजासाठी ती उपजीविका आहे, तर शेतातील कामे आटोपून संध्याकाळी नदीवर जाणाऱ्यांसाठी विरंगुळा. कोणत्या माशासाठी कोणता गळ, कोणते आमिष आणि कोणती वेळ, याचे ज्ञान बहुतेक तोंडीच पुढे आले आहे. त्याची ही मांडणी.

पाणी आणि मासे

जळगाव जिल्ह्यात तापीला पूर्णा, वाघूर, गिरणा या नद्या मिळतात. भुसावळ तालुक्यातील हतनूर धरण, जळगावला पाणी पुरवणारे वाघूर धरण, शेळगाव येथील बॅरेज आणि धुळे जिल्ह्यातील सुलवाडे बॅरेज यांमुळे पूर्वीच्या वाहत्या नदीचा मोठा भाग आता संथ जलाशय झाला आहे. त्याप्रमाणे माशांचा मेळही बदलला. जलाशयांत कटला, रोहू आणि मृगळ यांचे बीज सोडले जाते. हे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातील. चिलापी हा तर परदेशी पाहुणा. १९५२ मध्ये तो भारतात आणला गेला आणि आता जवळजवळ प्रत्येक तलावात आढळतो.

नदीचे जुने रहिवासी म्हणजे मरळ, शिंगाडा, वाम आणि शिवडा. यांपैकी शिंगाड्याचे शास्त्रीय नाव अभ्यासकांच्या विशेष परिचयाचे आहे. इंग्रज लष्करी अधिकारी व निसर्ग अभ्यासक विल्यम सायक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन करताना या माशाला 'सिंघाला' हे स्थानिक नावच शास्त्रीय नाव म्हणून दिले. मराठी मुलखातील बोलीचा शब्द असा जगाच्या मत्स्यशास्त्रात गेला.

उत्तर अमेरिकेत हौशी मासेमारांचा लाडका असलेला 'वॉलआय' हा मासा अंधूक प्रकाशात शिकार करतो. त्याच्या डोळ्यांत प्रकाश परावर्तित करणारा थर असल्याने संध्याकाळच्या धूसर पाण्यातही त्याला भक्ष्य दिसते. तापीत वॉलआय नाही. पण रात्री भक्ष्य शोधणारा, मोठ्या जबड्याचा, बिनखवल्यांचा शिवडा त्याच तऱ्हेने दिवे लागणीनंतर हालचाल सुरू करतो. म्हणून या दोन्ही माशांसाठी वेळेचा नियम एकच : सूर्य कलल्यानंतर.

साधने

सर्वांत जुने आणि स्वस्त साधन म्हणजे हातगळ. काठी नाही, रीळ नाही. बोटाला गुंडाळलेली दोरी, टोकाला गळ आणि त्याच्या वर शिशाचा तुकडा. माशाचा स्पर्श थेट बोटाला जाणवतो, म्हणून जाणती माणसे अजूनही हातगळच पसंत करतात. त्यानंतर बांबूची काठी. ती वाळलेली, सरळ आणि टोकाला लवचीक असावी. काठीची लांबी साधारण दीड पुरुष असली की किनाऱ्यावरील गवत ओलांडून आमिष पाण्यात पडते.

दोरीसाठी पूर्वी सूत किंवा अंबाडीचा धागा वापरत. आता नायलॉनचा तंगूस वापरला जातो. चिलापीसारख्या लहान माशाला चार ते सहा पौंड ताकदीचा तंगूस पुरतो. रोहू व कटला यांना बारा ते वीस पौंडांचा, तर शिवड्यासारख्या बळकट माशाला तीस पौंडांचा लागतो. शिवडा आणि मरळ यांचे दात तीक्ष्ण असल्याने गळाच्या वर वीतभर बारीक तार जोडावी. अन्यथा तंगूस कापला जातो आणि गळ माशाच्या तोंडात राहतो.

गळाच्या क्रमांकाबाबत नवख्यांचा गोंधळ होतो. क्रमांक जितका मोठा, तितका गळ लहान. दहा क्रमांकाचा गळ चिलापीसाठी, चार ते सहा क्रमांकाचा रोहूसाठी योग्य. एकच्या पुढे मात्र 'एक शून्य', 'दोन शून्य' अशी उलटी गणती सुरू होते आणि गळ मोठा होत जातो. हे गळ शिवड्यासाठी वापरतात. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला, तर लहान मासा इजा न होता परत सोडता येतो.

तरंगणीसाठी खानदेशात ज्वारीच्या ताटातील हलका गर सहज मिळतो. त्याचा बोटभर तुकडा दोरीला बांधला की काम भागते. रीळ लावलेल्या काठ्या शहरातील हौशी मंडळींकडे दिसतात. त्यांनी आमिष लांब फेकता येते आणि मोठ्या माशाला दोरी सैल सोडून थकवता येते.

आमिष

आमिष निवडताना मासा कोणत्या थरात खातो, हे आधी पाहावे. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले असते. तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात, तर मृगळ तळाशी. एकच कणीक तीन वेगवेगळ्या खोलीवर टाकली, तर तीन वेगळे मासे लागतात.

या तिन्ही माशांसाठी कणीक हेच मुख्य आमिष. गव्हाची कणीक, थोडे बेसन आणि कुटलेली शेंगदाण्याची ढेप एकत्र मळून घट्ट गोळा करतात. वासासाठी चिमूटभर हिंग किंवा बडीशेपेची पूड घालतात. कापसाच्या या मुलखात आणखी एक युक्ती उपयोगी पडते : कणीक मळताना तिच्यात थोडा पिंजलेला कापूस घालावा. त्याच्या धाग्यांमुळे गोळा पाण्यात लवकर विरघळत नाही आणि फेकताना गळावरून निसटत नाही. मासे गोळा करण्यासाठी भिजवलेल्या ढेपेचे काही गोळे आधीच ठरलेल्या जागी टाकून ठेवतात आणि अर्ध्या तासाने गळ टाकतात.

गांडूळ हे सार्वत्रिक आमिष. केळीच्या बागेतील ओलसर, पालापाचोळ्याची माती थोडी उकरली की ती मिळतात. वाम, चिलापी, लहान शिंगाडा सर्वच त्यावर येतात. गांडुळे ओल्या मातीसह मडक्यात सावलीत ठेवावीत. उन्हात ती तासाभरात मरतात आणि मेलेल्या गांडुळाकडे मासा ढुंकूनही पाहत नाही.

शिंगाडा व शिवडा हे मांसाहारी आहेत. त्यांना लहान मेलेला मासा, माशाचा तुकडा किंवा झिंगा लावतात. मरळीसाठी नाकतोडा हे उत्तम आमिष. आता बाजारात मिळणारा रबरी बेडूकही तेच काम करतो आणि जिवंत बेडकाचा जीव वाचतो.

पद्धती

मरळ : हिच्या डोक्यात हवेतून श्वास घेण्याची रचना असल्याने ती अधूनमधून पृष्ठभागावर येते. पाणवनस्पतींच्या कडेला उठणारा बुडबुडा आणि गोल तरंग हाच तिचा ठावठिकाणा. आमिष त्या जागेच्या पलीकडे टाकून थांबत थांबत पृष्ठभागावरून ओढावे. झेप घेतल्यावर लगेच झटका देऊ नये. दोन-तीन श्वास थांबून मग दोरी खेचावी.

वाम : दिवसा ती वाळूत किंवा दगडांच्या कपारीत दडते. अंधार पडल्यावर तळाला टेकलेले गांडूळ ती हळूहळू गिळते. तिच्या पाठीवर काट्यांची रांग असते, म्हणून फडक्यानेच धरावी.

शिंगाडा : वाहत्या पाण्याच्या कडेला, डोहाच्या तोंडाशी, तळावर आमिष ठेवावे. त्याच्या पाठीचा व छातीजवळच्या परांचा काटा करवतीसारखा असतो. गळ काढताना झालेली जखम अनेक दिवस ठणकते.

शिवडा : लांब दोरीला ठरावीक अंतरावर गळ बांधून ती रात्रभर पाण्यात सोडण्याची पद्धत नदीकाठी जुनी आहे. तिचा दोष असा की, त्यात कासवेही अडकतात आणि श्वासासाठी वर येता न आल्याने गुदमरून मरतात. गोड्या पाण्यातील कासवांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. म्हणून ही दोरी टाकून घरी निघून न जाता दर दोन तासांनी तपासणे आवश्यक.

ऋतुमान

जून-जुलैत पहिल्या पुराबरोबर बहुतेक मासे प्रवाहाविरुद्ध चढतात आणि अंडी घालतात. या काळात ते सहज सापडतात. पण पोटात गाभोळी असलेली एक मादी मारणे म्हणजे पुढच्या वर्षाचे हजारो मासे मारणे होय. नवरात्रानंतर पाणी निवळते. तेव्हापासून थंडीच्या सुरुवातीपर्यंतचा काळ गळासाठी सर्वोत्तम. कडाक्याच्या थंडीत मासा खोल पाण्यात सुस्त असतो आणि दुपारी ऊन तापल्यावरच खातो. उन्हाळ्यात नदी आटून डोह उरतात. खानदेशच्या उन्हात पहाट आणि सांज सोडून गळ टाकण्यात अर्थ नसतो.

पावसाळ्यात एक धोका जिवावरचा आहे. हतनूर धरणाला ४१ दरवाजे असून वरच्या भागात पाऊस झाला की ते उघडले जातात. असोद्याच्या आकाशात ढग नसतानाही तापीची पातळी झपाट्याने वाढू शकते. प्रशासनाचा इशारा मिळाल्यावर पात्रातील खडकावर क्षणभरही थांबू नये. वाळूउपशाने पडलेले खोल खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

नियम आणि मर्यादा

जलाशयांतील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. हौशी व्यक्तीने तेथे गळ टाकण्यापूर्वी संस्थेची परवानगी घेणे हे कायद्याने आणि सौजन्यानेही योग्य. कारण बीज त्यांनी विकत घेऊन सोडलेले असते. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाने स्फोटके आणि विष वापरून मासे मारण्यास मनाई केली आहे. तरीही सुरुंग, विषारी पावडर आणि शेतपंपाच्या वाहिनीवरून पाण्यात सोडलेला वीजप्रवाह यांचा वापर अनेक ठिकाणी होतो. त्यात अंडी, पिले, झिंगे सारेच संपते आणि कधी माणसाचाही बळी जातो.

शिवडा आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत 'असुरक्षित' गटात आहे. वाळू उपसली की वामेची लपण्याची जागा जाते आणि शिंगाड्याने तळाशी केलेले खड्ड्यांचे घरटेही मोडते. मरळीची नरमादी जोडी आपल्या पिलांच्या थव्याची राखण करते. जवळ आलेल्या कशावरही ती तुटून पडते, म्हणून त्या वेळी ती गळाला हमखास लागते. पण पालक गेले की सारा थवा इतर माशांच्या तोंडी जातो. पाण्यावर तांबूस पिलांचा घोळका दिसला की जुने भोई तेथून गळ उचलून पुढे जातात. पुस्तकात न लिहिलेला हा नियम पाळला गेला, तरच तापीच्या डोहांत पुढच्या पिढीसाठी मरळ उरेल.