धावण्याचे बिनतारी इअरफोन : कुही तालुक्याच्या संदर्भात निवड

मोबाइलमधील किंवा मनगटी घड्याळातील आवाज ब्लूटूथ लहरींवरून कानापर्यंत पोहोचवणारे आणि घाम, धूळ व हादरे सोसेल अशा बांधणीचे श्रवणसाधन. बाजारात त्याचे ढोबळमानाने चार प्रकार मिळतात : कानाच्या नळीत घट्ट बसणारे सुटे बड, मानेभोवती पट्टी असणारे नेकबँड, कानावर अडकणारे पण नळी मोकळी ठेवणारे उघडे इअरफोन, आणि कानापुढच्या हाडावर टेकून कंपनांद्वारे ध्वनी आत पोहोचवणारे अस्थिवहन हेडफोन. खरेदी करताना बहुतेक जण आधी बास पाहतात, मग बॅटरीचे तास, मग किंमत. नागपूरच्या आग्नेयेला असलेल्या कुहीसारख्या तालुक्यात हा क्रम बदलायला हवा. येथील धावणारा बहुधा वाहत्या रस्त्याच्या कडेने धावतो. त्यामुळे एखादे साधन बाहेरचा आवाज कानापर्यंत किती येऊ देते, हा पहिला निकष आणि बाकीचे सगळे त्यानंतरचे, अशी या नोंदीची भूमिका आहे.

कुहीत धावणे हा प्रामुख्याने भरतीचा भाग आहे. विदर्भातल्या इतर तालुक्यांप्रमाणे येथेही पहाटे रनिंग मारणाऱ्या मुलामुलींच्या डोळ्यांपुढे पोलीस भरतीचे किंवा सैन्यभरतीचे ग्राउंड असते. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत शारीरिक चाचणीला 50 गुण आहेत. त्यात मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावण्यासाठी 20, शंभर मीटरसाठी 15 आणि गोळाफेकीसाठी 15 गुण मिळतात. अग्निवीर भरतीतही 1.6 किलोमीटरची दौड निर्णायक ठरते. या तयारीसाठी सराव होतो तो मांढळ, वेलतूर, अंभोरा, उमरेड अशा गावांकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यांवर. त्यावरून ट्रॅक्टर, मालवाहू गाड्या आणि दुचाकी जातात आणि फुटपाथ नसतो. हिवाळ्यात सराव सुरू होतो तेव्हा अजून उजाडलेलेही नसते. तालुक्याचा काही भाग उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात येतो. नागझिऱ्याहून 2013 मध्ये येथे आलेला आणि 2016 पासून न दिसलेला ‘जय’ वाघ याच जंगलातला. अभयारण्यालगतच्या शेतशिवारात अंधारात रानडुकराची चाहूल आधी कानालाच लागते. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. सुनसान रस्त्यावर मागून येणारी पावले किंवा हळू झालेली दुचाकी वेळेवर कळणे हीच त्यांची पहिली सुरक्षितता. यांपैकी कुठल्याही प्रसंगी कान बंद असणे परवडणारे नाही.

घट्ट बसणाऱ्या बडबद्दलचा आक्षेप केवळ ‘लक्ष विचलित होते’ एवढाच नाही, तो साधनाच्या कार्यपद्धतीतून येतो. सिलिकॉनची टोपी नळी बुजवते आणि बाहेरचा आवाज अडवते. त्यावर सक्रिय ध्वनिरोधाची, म्हणजे नॉइज कॅन्सलेशनची, सोय असेल तर सूक्ष्म मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या उलट लहर सोडून तो मिटवला जातो. ही युक्ती कमी कंप्रतेच्या, सलग चालणाऱ्या घरघरीवर सर्वाधिक परिणामकारक असते. विमानात किंवा रेल्वेच्या डब्यात म्हणूनच ती सुखाची वाटते. मागून येणाऱ्या ट्रकच्या इंजिनाचा आवाजही नेमका याच जातीचा. जे वैशिष्ट्य जाहिरातीत सर्वांत ठळक छापलेले असते, ते कुही-मांढळ रस्त्यावर सर्वांत घातक ठरते. नळी बुजल्याचा दुसरा तोटा खुद्द धावण्याला होतो. हाडांतून नळीत येणारे कंपन बाहेर पडायला वाट राहत नाही, त्यामुळे प्रत्येक पावलाचा धप्प आवाज आणि स्वतःचा श्वास डोक्यात घुमतो. बसून ऐकताना उत्तम वाटलेले बड धावताना नकोसे होतात ते यामुळे.

यावर ‘ट्रान्सपरन्सी’ सोयीचे उत्तर दिले जाते. तीत मायक्रोफोनने टिपलेला बाहेरचा आवाज बडमधून पुन्हा ऐकवला जातो. सोय उपयोगी आहे आणि चांगल्या बडमध्ये ती बरीच नैसर्गिकही वाटते. पण तिला तीन मर्यादा आहेत. धावताना मायक्रोफोनवर वारा आदळून खरखर होते. आवाज कोणत्या दिशेने आला, हे उघड्या कानाइतके नेमके कळतेच असे नाही. आणि बॅटरी संपली किंवा चुकून स्पर्श होऊन सोय बंद झाली, तर कानात फक्त बूच उरते. उघडा इअरफोन मात्र बंद पडला तरी कान उघडाच राहतो. सुरक्षिततेच्या साधनाची परीक्षा ते बिघडल्यावर काय होते यावर करायची, हे तत्त्व येथे लागू करणे रास्त आहे.

धोक्याचा पुरावा कितपत भक्कम आहे? अमेरिकेत रिचर्ड लिचेन्स्टीन आणि सहकाऱ्यांनी 2004 ते 2011 या काळातील, हेडफोन लावलेल्या पादचाऱ्यांना वाहनांची धडक बसल्याची 116 प्रकरणे गोळा केली आणि 2012 मध्ये प्रसिद्ध केली. सुमारे 70 टक्के प्रकरणांत मृत्यू ओढवला होता. निम्म्याहून अधिक धडका रेल्वेच्या होत्या. 29 टक्के वृत्तांतांत धडकेपूर्वी भोंगा किंवा अन्य इशारा दिल्याचा उल्लेख होता. ही प्रकरणे प्रामुख्याने बातम्यांतून मिळालेली आहेत, त्यामुळे हेडफोनमुळेच अपघात झाला असे त्यांतून सिद्ध होत नाही, आणि एकूण धोका किती टक्क्यांनी वाढतो हेही काढता येत नाही. इशारा देऊनही तो पोहोचला नाही, एवढे मात्र त्यांपैकी अनेक प्रकरणांत स्पष्ट दिसते. ब्रिटनमध्ये वाहतुकीसाठी पूर्ण बंद न केलेल्या रस्त्यांवरील शर्यतींत साधे हेडफोन वर्ज्य आहेत आणि अस्थिवहन प्रकाराला सूट आहे, ती याच विचाराने. कुहीच्या वाचकाला रेल्वेचा उल्लेख दूरचा वाटू नये. नागपूर-नागभीड ही नॅरोगेज गाडी कुहीवरून जात असे. ती 2019 मध्ये बंद झाली आणि मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर हाती घेण्यात आले. हळू चालणाऱ्या छोट्या गाडीच्या काळात रुळांच्या कडेने धावण्याची जी सवय खपून जायची, ती ब्रॉडगेजच्या वेगापुढे खपणार नाही. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा कायद्याने गुन्हाही आहे.

संगीताशिवाय पाय उचलत नाहीत, हा आक्षेप हलक्यावारी घेण्यासारखा नाही. पीटर टेरी आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये 139 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. संगीतामुळे व्यायाम अधिक आनंददायी होतो, तो कमी कष्टाचा वाटतो आणि कामगिरीतही थोडी वाढ होते, असे त्यात दिसले. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातील कोस्टास कारागिऑर्गिस यांनी हा विषय दीर्घकाळ अभ्यासला आहे. कष्टाची जाणीव कमी करण्याचा परिणाम संथ ते मध्यम गतीच्या व्यायामात चांगला दिसतो. दम लागेपर्यंत जोर वाढला की शरीराकडून येणारे इशारेच लक्ष व्यापतात आणि संगीताचा प्रभाव ओसरतो. भरतीची 1600 मीटर दौड ही नेमकी दम काढणारी असते. म्हणजे इअरफोनची खरी जागा लांब, संथ धावण्यात, वॉर्मअपमध्ये आणि जिममध्ये आहे, वेळ लावून मारायच्या फेऱ्यांत नाही. इथिओपियाचा हायले गेब्रसेलासी याने 1998 मध्ये बर्मिंगहॅमला 2000 मीटरचा बंदिस्त मैदानातील विश्वविक्रम केला तेव्हा ‘स्कॅटमन’ हे गाणे वाजत होते. त्याचा ताल पावलांना जुळतो म्हणून तो ते लावायला सांगत असे. पण ते गाणे स्टेडियमच्या भोंग्यांवरून वाजत होते, कानातून नव्हे, हा तपशील सहसा सांगितला जात नाही. संगीताचा लाभ कान बंद करण्यावर अवलंबून नाही, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणार नाही.

उघड्या इअरफोनबद्दलचा सर्वांत वजनदार आक्षेप श्रवणशक्तीचा आहे. बाहेरचा आवाज आत येतो म्हणून माणूस संगीत मोठे करतो आणि कान बिघडवून घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढांसाठी 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास ही सुरक्षित मर्यादा आहे. दर 3 डेसिबलने वाढणाऱ्या आवाजामागे ही वेळ निम्मी होते, म्हणजे 90 डेसिबलला आठवड्याला जेमतेम चार तास उरतात. हाडातून आलेला आवाज निरुपद्रवी असतो, ही समजूतही चुकीची आहे. तो कानाचा पडदा टाळतो खरा, पण पोहोचतो त्याच आतल्या शंखाकृती अवयवात, आणि कायमची हानी होते ती तेथील पेशींची. तरीही हा आक्षेप मुंबई-पुण्याच्या गजबजलेल्या रस्त्याला जितका लागू पडतो तितका कुहीच्या पहाटेला नाही. शांत वातावरणात मध्यम आवाज पुरतो, आणि तो पुरेनासा झाला तर ती वाहने वाढल्याचीच खूण मानून संगीत बंद करावे. जिमचे मात्र वेगळे आहे. तेथे भोंग्यावर मोठ्याने गाणी चालू असतात, वाहन येण्याचा प्रश्न नसतो, आणि नळी बुजवणारा बड कमी आवाजात काम भागवून उलट कान वाचवतो. रस्ता आणि जिम दोन्हीसाठी एकच साधन घ्यायचे असेल, तर निवड रस्त्याच्या बाजूने करावी. जिममध्ये संगीत थोडे कमी रंगेल इतकेच.

टिकाऊपणाच्या खुणा खोक्यावर सांकेतिक रूपात असतात. ‘आयपी’ या अक्षरांनंतरचा पहिला अंक धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. ‘आयपीएक्स4’ म्हणजे कोणत्याही बाजूने उडालेले शिंतोडे सोसेल, ‘एक्स5’ म्हणजे पाण्याची धार, ‘एक्स7’ म्हणजे एक मीटर खोलीपर्यंत अर्धा तास बुडणे. अंकाच्या जागी ‘एक्स’ असेल तर त्या बाबतीतले मानांकन दिलेले नाही असे समजावे. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावर धूळ उडते, म्हणून कुहीसाठी ‘आयपी55’ हे मानांकन निव्वळ ‘एक्स7’पेक्षा अधिक कामाचे. या चाचण्या साध्या पाण्याने होतात, घाम मात्र खारट असतो आणि चार्जिंगच्या धातूच्या टोकांना खातो. डबीला बहुधा हे संरक्षण नसते. म्हणून बड कोरड्या फडक्याने पुसूनच डबीत ठेवावेत. नागपूर परिसरात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत आणि कधी त्याही पुढे जातो, आणि उन्हात उभ्या दुचाकीच्या डिकीत त्याहून अधिक. लिथियम बॅटरीचे आयुष्य अशा उष्णतेने झपाट्याने घटते. बॅटरीचे तास पाहताना डबीसह मिळून दिलेला मोठा आकडा सोडून द्यावा. एका चार्जमध्ये पाच-सहा तास चालणारे साधन रोजच्या तासाभराच्या सरावाला पुरून उरते.

धावताना आवाज तुटत असेल तर दोष दर वेळी इअरफोनचा नसतो. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालते आणि शरीरातील पाणी त्या शोषून घेते. खोलीत भिंतींवरून परतलेल्या लहरी ही उणीव भरून काढतात. मोकळ्या शिवारात परतायला भिंतच नसते, त्यामुळे घरी नीट चालणारे साधन रस्त्यावर अडखळते. फोन मागच्या खिशातून काढून दंडाच्या पट्ट्यात, आणि सुट्या बडमध्ये मुख्य बड ज्या कानात असेल त्याच बाजूला, ठेवला की बहुधा काम होते.

राहिला पैशाचा प्रश्न. नामांकित अस्थिवहन हेडफोनला काही हजार रुपये पडतात आणि भरतीची तयारी करणाऱ्या शेतकरी-मजुराच्या घरात तो खर्च अवास्तव आहे. कानावर अडकणारे उघडे इअरफोन त्याहून बरेच स्वस्त मिळतात. तेही शक्य नसेल तर हातातल्या साध्या बडपैकी एकच लावावा. कोणत्या कानात, हेही महत्त्वाचे. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून समोरून येणारे वाहन दिसेल असे उजव्या कडेने धावावे. मग रस्ता डाव्या हाताला येतो, तेव्हा बड उजव्या कानात घालावा आणि डावा मोकळा ठेवावा. नेकबँड धावताना मानेवर आपटतो, पण त्याचा एक कान काढून ठेवला तरी हरवत नाही. नागपूरच्या सीताबर्डीत घेतले काय किंवा गावच्या मोबाइल दुकानात, भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक खोक्यावर पाहावा, कारण बिनतारी इअरफोन या नोंदणीच्या सक्तीखाली येतात. दुकानातच जागच्या जागी उड्या मारून आणि जबडा हलवून पाहावे. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो आणि सैल बड तिथेच निसटतो.

जागतिक ॲथलेटिक्स महासंघाच्या नियमांनुसार स्पर्धेच्या क्षेत्रात मोबाइल, रेडिओ किंवा तत्सम साधन बाळगणे मदत घेण्यात मोडते आणि त्यास मनाई आहे. भरतीच्या ग्राउंडवरही गाण्याच्या भरवशावर धावायचे नसते. कुहीतल्या उमेदवारांनी चाचणीच्या आधीचा महिनाभर वेळ लावून मारायच्या सगळ्या फेऱ्या इअरफोनशिवाय माराव्यात.