‘मी काहीच केलं नाही!’

इतिहास लिहिणाऱ्यांचं एक बरं असतं. ज्यांच्यावर अन्याय होतो, ती माणसं भांडायला येत नाहीत. किल्ला राजानं बांधला, असं आपण चौथीच्या पुस्तकापासून वाचत आलो. त्या किल्ल्यावर पखालीनं पाणी कोणी चढवलं, हा प्रश्न परीक्षेला येत नाही, म्हणून त्याचं उत्तरही कोणाला येत नाही. मी स्वतः तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला आणि एकदाही पखालवाल्याचं नाव घेतलं नाही. अभ्यासक्रमातच नव्हतं!

संगणकाच्या इतिहासाची हीच गत आहे. यंत्र कोणी शोधलं, कोणत्या साली शोधलं, सगळं लिहून ठेवलेलं सापडतं. पण ते यंत्र विद्यापीठात आल्यावर एखाद्या गाढ्या विद्वानानं व्हरांड्यात उभं राहून ज्याला हाक मारली, ‘अरे, जरा ये रे इकडं, हे बघ काय होऊन बसलंय,’ त्या माणसाचा बखरीत पत्ताच नाही. ज्यूलियस सीझर आला, त्यानं पाहिलं आणि तो जिंकला, तर त्याचं नाव दोन हजार वर्षं टिकलं. हाही आला, यानंही पाहिलं, एक कळ दाबली आणि चहासुद्धा न घेता गेला. त्याचं नाव त्याच दुपारी विसरलं गेलं. आपल्याकडे तर त्याला नावच नसतं. दूधवाला, पेपरवाला, तसा तो ‘कंप्युटरवाला’.

आणि या कंप्युटरवाल्याला बोलावणाऱ्याचं, मग तो कुलगुरू असो की कारकून, जगभर एकच ब्रीदवाक्य आहे: ‘मी काहीच केलं नाही हो, आपोआप झालं!’

या वाक्याचा इतिहास संगणकाहूनही जुना आहे. वोल्फगांग पाउली हे पदार्थविज्ञानातले फार मोठे नाव. 1945 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. पण त्यांची खरी ख्याती अशी, की ते नुसते प्रयोगशाळेत शिरले तरी उपकरणं बंद पडत. ऑटो स्टर्न या त्यांच्या मित्रानं म्हणे हॅम्बुर्गच्या आपल्या प्रयोगशाळेत त्यांना चक्क मज्जाव केला होता. एकदा गटिंगेनच्या प्रयोगशाळेत एक उपकरण काही कारण नसताना बिघडलं आणि त्या वेळी पाउली तर गावातही नव्हते. मागाहून उलगडा झाला तो असा, की त्याच सुमारास पाउलींची आगगाडी गटिंगेनच्या स्टेशनात थांबली होती! शास्त्रज्ञांनी या प्रकाराला ‘पाउली परिणाम’ असं रीतसर नावही दिलं. गृहस्थांनी खरोखर काहीच केलं नव्हतं, फक्त ते होते.

माझं म्हणणं एवढंच, की याचा जो उलट परिणाम आहे त्यालाही एखादं नाव द्या. सकाळपासून हटून बसलेलं यंत्र कंप्युटरवाल्याची सावली दारात पडताच सुतासारखं सरळ चालू लागतं, हा अनुभव नसलेला प्राध्यापक मला दाखवा. ‘आत्ता नव्हतं हो चालत, शपथ!’ असं तो पोरासोरासमोर अजीजीनं सांगत असतो. दवाखान्याच्या पायरीवर दाढ दुखायची थांबावी, तसं.

आता पहिला लेखी पुरावा. 9 सप्टेंबर 1947 रोजी हार्वर्ड विद्यापीठाचं ‘मार्क टू’ हे प्रचंड गणनयंत्र अडलं. मंडळींनी शोध घेतला तेव्हा एका रिलेमध्ये पतंग सापडला. दिव्यावर येतो तो पतंग, संक्रांतीचा नव्हे. त्यांनी तो काढला, रोजनिशीच्या पानावर चिकटपट्टीनं चिकटवला आणि खाली विनोदानं नोंदही केली. यंत्रातल्या दोषाला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणण्याची चाल त्याआधीही होती. एडिसनच्या 1878 सालच्या पत्रातही तो शब्द आहे. पण देहासहित पुरावा सादर झाला तो या वेळी. त्या बिचाऱ्याला वाचा असती तर तोही हेच म्हणाला असता: मी काहीच केलं नाही, नुसता उजेड दिसला म्हणून आलो.

तिकडं इंग्लंडात, केंब्रिज विद्यापीठात, मॉरिस विल्क्स यांचं ‘एडसॅक’ हे यंत्र 6 मे 1949 रोजी पहिल्यांदा चाललं. विद्यापीठातल्या इतरांना रोजच्या कामासाठी वापरू दिलेल्या पहिल्या यंत्रांपैकी ते एक. वापरायचं म्हणजे कसं, तर आपलं गणित कागदाच्या लांब फितीवर भोकं पाडून लिहायचं आणि ती फीत ऑपरेटरच्या हवाली करायची. या फिती दोरीला चिमटे लावून, वाळत घातलेल्या धुण्यासारख्या ओळीनं टांगलेल्या असत. आपल्या फितीचा नंबर लागेपर्यंत थांबायचं. केंब्रिजचे पंडित दोरीवरच्या आपल्या फितीकडं चाळीतल्या नळावर हंडा ठेवलेल्या माणसाच्या नजरेनं पाहत असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

खुद्द विल्क्स साहेबांनी पुढं आठवणीत लिहून ठेवलंय, की त्याच 1949 साली यंत्राची खोली आणि भोकं पाडण्याची खोली यांच्यामध्ये जिने चढउतार करताना एका वळणावर त्यांना एकदम जाणवलं: यापुढचं आपलं बरंचसं आयुष्य आपल्याच कामातल्या चुका शोधण्यात जाणार! बुद्धाला झाडाखाली झालं, यांना जिन्यात झालं. पण मोठेपणा असा, की त्यांनी हे ज्ञान लपवलं नाही. दुसऱ्यानं त्याच खड्ड्यात पडू नये म्हणून एकदा बरोबर ठरलेल्या गणिताच्या तुकड्यांच्या फिती कपाटात जपून ठेवल्या. ज्याला हवी त्यानं नक्कल करून घ्यावी. 1950 पासून उन्हाळी वर्ग सुरू केले, 1951 साली दोघा सहकाऱ्यांबरोबर पुस्तक काढलं. यंत्र बांधणं हे अर्धंच काम. ते दुसऱ्याला वापरता येणं हे उरलेलं अर्धं, हे त्यांनी पहिल्याच वर्षी ओळखलं.

अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. प्रत्येक अडाण्यामागं एक जाणकार उभा करण्यापेक्षा यंत्राचीच भाषा सोपी करावी, म्हणून त्यांनी ‘बेसिक’ ही भाषा काढली. ती पहिल्यांदा चालली 1 मे 1964 रोजी पहाटे चार वाजता. (यंत्रं पहाटे चारलाच का चालतात आणि दुपारी बारालाच का बंद पडतात, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.) ग्रंथालयात कोणीही जाऊन कपाटातलं पुस्तक काढावं, तसा कोणीही येऊन संगणक वापरावा, मग तो विद्यार्थी साहित्याचा का असेना, हा त्यांचा विचार.

पण सगळ्यांना आत घेतलं की दाराला कुलपं आली. एमआयटी या विद्यापीठात एकाच यंत्रावर अनेकांनी काम करायची सोय झाली, तेव्हा ज्याचा त्याचा परवलीचा शब्द ठरला. 1962 साली ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला यंत्राचा मिळालेला वेळ पुरेना. त्यानं काय करावं? सगळ्यांचे परवलीचे शब्द ज्या फायलीत होते, तीच छापून द्यावी असा हुकूम यंत्राला दिला. आणि यंत्रानं आज्ञाधारकपणे छापून दिली! पुढं साठीच्या दशकाच्या मध्याला तर कहर झाला. फायलींची अदलाबदल होऊन, आत येणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या सूचनेऐवजी यच्चयावत सर्वांचे परवलीचे शब्द दिसू लागले. मग सगळ्यांना शब्द बदलायला लावले. तेव्हा आज ‘पासवर्ड बदला’ म्हणून जो आपल्यामागं टुमणं लावतो, त्याच्या पाठीशी साठ वर्षांची दुःखद परंपरा आहे.

आपणही काही मागं नव्हतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या माणसांनी बांधलेला ‘टीआयएफआरएसी’ 1960 साली सुरू झाला, 1962 साली पंडित नेहरूंनी त्याचं नामकरण केलं, आणि 1964 साली तिथं सीडीसी 3600 हे मोठं यंत्र आलं. कानपूरच्या आयआयटीत 1963 साली आयबीएम 1620 आलं. या यंत्राचं वैशिष्ट्य मला फार जवळचं वाटतं. त्याला मुळात बेरीज येत नसे. बेरजेची आणि गुणाकाराची कोष्टकं त्याच्या स्मरणात भरावी लागत आणि ते त्यात पाहून उत्तर देई. म्हणजे पाढे पाठ होते म्हणून पास होणारा, आमच्याच वर्गातला मुलगा! एखाद्याच्या गणितानं चुकून ती कोष्टकं पुसली, की यंत्र दोन आणि दोन किती याचंही बिनदिक्कत भलतं उत्तर देई. तेव्हाही बाहेर उभा असलेला गृहस्थ काय म्हणत असेल, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

पण कानपूरकरांनी केलेली खरी गोष्ट निराळीच. त्यांनी यंत्राला कुलूप घालून त्याची पूजा केली नाही. इतर संस्थांतल्या अध्यापकांसाठी, शास्त्रज्ञांसाठी, इंजिनियरांसाठी त्यांनी थोड्या दिवसांचे वर्ग भरवले. स्वतःच्या विषयात केस पांढरे झालेली मंडळी पुन्हा बाकावर बसली, भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे छातीशी धरून रांगेत उभी राहिली. एका कार्डावर ऐंशी अक्षरं. गठ्ठा हातातून सुटला की सारं गणित जमिनीवर. त्यावर जाणत्यांनी सांगितलेला तोडगा असा, की गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर पेन्सिलीनं एक तिरकी रेघ ओढून ठेवायची. कार्डं सांडली, तर रेघ जुळवत लावायची. लाखो रुपयांचं यंत्र आणि त्याला आधार एका पेन्सिलीच्या रेघेचा! ही विद्या तोंडातून कानात आली.

मग यंत्रं लहान होत होत टेबलावर आली आणि मराठीत बोलू लागली. इथं आमच्या घरचा इतिहास सुरू होतो. नव्वदीच्या दशकात देवनागरी टंक विकणाऱ्या प्रत्येक कंपनीचा ‘क’ वेगळ्या क्रमांकावर असे. 1991 सालीच आयएससीआयआय हे सरकारी प्रमाणही आलं आणि त्याच साली युनिकोडही निघालं. पण प्रमाण येणं आणि ते पाळलं जाणं यांत आपल्याकडं एका पिढीचं अंतर असतं. परिणाम असा, की घरी उत्तम मराठीत टंकलेली फाइल कॉलेजात उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांची भेळ.

आमच्या कॉलेजात मराठीच्या बाईंची प्रश्नपत्रिका अशीच उघडली. परीक्षा दुसऱ्या दिवशी. बाईंचा व्यासंग मोठा, दरारा त्याहून मोठा. व्याकरणात त्यांची चूक काढणारा माणूस जिल्ह्यात नव्हता. त्या पडद्यासमोर हात जोडल्यासारख्या बसल्या होत्या आणि डोळ्यांत पाणी होतं. भोवती आम्ही सात-आठ जण, प्रत्येकाचा एकेक सल्ला. एक म्हणाला, ‘बाई, तुम्ही नक्की काय दाबलंत?’ त्या हळूच म्हणाल्या, ‘मी काहीच केलं नाही हो.’

तेवढ्यात कंप्युटरवाला आला. बाविशीचा पोरगा, बारावीत मराठीत जेमतेम पास झालेला, तेही बाईंच्याच हातून. त्यानं पडदा पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘बाई, तुमचं काही चुकलेलं नाही. तुमच्या घरचा टंक इथं घातलेला नाही, एवढंच. मजकूर सगळा आहे तिथंच आहे.’ मग खिशातून फ्लॉपी काढून त्यानं टंक घातला. पाच मिनिटांत प्रश्नपत्रिका मराठीत परतली. त्यानं एक वेलांटीही दुरुस्त केली नाही, पण बाईंची मान मात्र सरळ केली.

त्या दिवशी मला या धंद्याचं मर्म कळलं. यंत्र दुरुस्त करणं हा त्यातला सोपा भाग. विद्यापीठ ही खरं तर ‘मला कळत नाही’ असं म्हणण्यासाठीच बांधलेली जागा. पण तिथं एकदा शिकवायला लागलं, की ते वाक्य उच्चारणं सगळ्यांत कठीण होऊन बसतं. म्हणून आपण म्हणतो, ‘मी काहीच केलं नाही.’ त्याचा अर्थ एवढाच, की मला हसू नका. चांगल्या कंप्युटरवाल्याला हे भाषांतर येतं.

आता युनिकोड रुळलं, टंकांची भांडणं बरीच मिटली. आता कंप्युटरवाल्याला हाक मारायची नसते, तक्रार नोंदवायची असते. तक्रारीला क्रमांक मिळतो आणि कित्येक ठिकाणी उत्तरही यंत्रच देतं, तेही मोठं अदबीनं. यातही नवं काही नाही. एमआयटीतल्या वायझेनबाउम यांनी 1966 साली ‘एलायझा’ नावाचा बोलणारा प्रोग्राम जगापुढं ठेवला होता. तो फक्त आपलंच वाक्य फिरवून आपल्यालाच विचारी. पण त्यांच्या सेक्रेटरी बाईंनी थोडा वेळ त्याच्याशी बोलून त्यांना म्हटलं, जरा बाहेर जाता का? त्यांना म्हणे त्याच्याशी एकांतात बोलायचं होतं. यंत्र बंद आहे म्हणून माणूस आधी माणसाला बोलावतो. माणूस हसेल या भीतीनं मग यंत्रालाच विचारू लागतो. यंत्र हसत नाही, हे खरं. पण सात-आठ जणांदेखत ‘बाई, तुमचं काही चुकलेलं नाही’ असं मोठ्यानं म्हणायला मात्र कोणीतरी जिना चढून यावं लागतं.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा आमच्या कंप्युटरवाल्याला मी फोन केला. आता तोही पन्नाशीला आलाय. म्हटलं, ‘बखर लिहितोय. इतकी वर्षं इतकं केलंस, तुझं नाव घालू का त्यात?’

‘छे हो सर,’ तो म्हणाला, ‘मी काहीच केलं नाही. नुसतं बंद करून चालू केलं.’